ठिबक बसवलं, माळी घालवला

गेल्या रविवारी सोसायटीच्या बागेत अकरा मेलेली झाडं उपटली. कुंती, तगर, एक्झोरा. छत्तीसपैकी अकरा. आणि ह्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहितोय.

झालं असं की इमारतीचं रंगकाम संपलं आणि कमिटीला बागेची आठवण आली. लागवड खरं तर जूनमध्ये करायची, मुंबईत पाऊस फुकट पाणी घालतो. आम्ही केली फेब्रुवारीत. माळीकाका रोज चाळीस मिनिटं नळी धरायचे. मी (सवयीने!) मोजलं. पंधरा लिटरची बादली पन्नास सेकंदात भरते, म्हणजे रोज ७२० लिटर, तेही महापालिकेचं. आमचं मुलुंड भांडुप संकुलाला खेटून असलं तरी तिथे येणारं बरंचसं पाणी भातसा-तानसा-वैतरणाकडचं, शंभरेक किलोमीटरवरून आलेलं. ज्या शहापूर तालुक्याकडून ते येतं तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. आपण त्यात फरशी धुतो.

मग मीच ठिबकचं टुमणं लावलं. ज्या महाराष्ट्रात जळगावच्या भवरलाल जैनांनी केळीच्या शेतांपर्यंत ठिबक नेलं, तिथे आपल्याला छत्तीस झुडपं जमू नयेत? १६ मिमीची लॅटरल, झाडामागे ताशी चार लिटरचा एक ड्रीपर, अर्धा तास. ७२ लिटर! पाणी बोअरचं, गच्चीवरच्या टाकीतून.

पहिल्याच दिवशी ड्रीपर बुचासारखे उडाले. सात मजल्यांवरची टाकी म्हणजे चोवीसेक मीटर उंची, म्हणजे जवळपास २.४ किलो दाब. ठिबकला एक किलो पुष्कळ. (इंजिनिअर म्हणे!) दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, फिल्टर बसवला, टायमर लावला. मी खूष.

आठवड्याने काकांनी एका कुंतीजवळ बोट खुपसून दाखवलं. "साहेब, वरून ओलं हाय, आत हुंडी कोरडी ठाक." मी ड्रीपर खोडापासून वीतभर लांब ठेवले होते, कारण कुठेतरी तसं वाचलं होतं. ते मुरलेल्या झाडासाठी. नर्सरीतून आलेल्या झाडाची सगळी मुळं पिशवीएवढ्या लाल मातीच्या हुंडीतच असतात. बाहेरची माती भिजली तरी मुळांना त्याचा पत्ता नसतो. पहिले काही आठवडे ड्रीपर हुंडीवरच हवा, मुळं पसरली की मग बाहेर सरकवायचा, दुसरा जोडायचा. काकांनी सगळे छत्तीस सरकवले. टायमरला हे कधीच कळलं नसतं.

आता खरा मुद्दा. एप्रिलच्या मीटिंगमध्ये खजिनदार म्हणाले, पाणी आपोआप जातंय तर माळ्याचा पगार कशाला? आणि मी गप्प बसलो. माझाच प्रोजेक्ट यशस्वी झाल्याचं कौतुक चाललं होतं ना! काका गेले, मेमध्ये अर्धी सोसायटी गावाला गेली, मीसुद्धा. टायमर रोज सकाळी सहाला इमानेइतबारे चालू होत होता. आमच्या भाषेत, लॉगमध्ये सगळं हिरवं. इकडे घुशीने लॅटरल कुरतडलेली, तिच्यापुढच्या आठ झाडांना थेंब नाही. उरलेल्या तिघांच्या ड्रीपरमध्ये बोअरच्या क्षारांचा पांढरा थर. उघडून व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवले तर साफ झाले, पण झाडं तोवर गेली होती.

ठिबक पाणी वाचवतं, माणूस नाही, हे माझं मत. शेतकरीसुद्धा ठिबक बसवल्यावर घरी झोपत नाही, लाईन फिरून बघतो, शेवटची टोपी काढून गाळ सोडतो, आम्लाने ड्रीपर धुतो. ऑफिसात आपण सर्व्हर टाकला की तो बघायला माणूस मागतो. बागेत मात्र माणूस म्हणजे खर्च. असो.

काका सध्या दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या सोसायटीत आहेत. भेटले, हसले, रागावलेले दिसले नाहीत. त्याचाच जास्त त्रास झाला.

रविवारी मीटिंग आहे. आठवड्यातून दोन दिवस तरी त्यांना बोलवा असं मी सांगणार आहे. खजिनदार हिशोब मांडतील, आणि अकरा झाडांच्या पैशांपेक्षा वर्षाचा पगार मोठा निघेल, हे मलाही माहीत आहे. तरी हात वर करणार. एप्रिलमध्ये केला नव्हता.