मावशी, मेनू आणि माउस

परवा मावशीच्या डब्यांच्या व्यवसायासाठी वेबसाइट करायला घेतली. कोडिंगमध्ये मी अगदी ‘ढ’, पण उत्साह दांडगा! ड्रॉप-डाउन मेनूचं गणित तसं सोप्पंय: यादीच्या पोटात यादी. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसने आतली यादी लपवायची, माउस वर आला की दाखवायची. २००३ मध्ये ‘सकरफिश’ नावाने गाजलेली युक्ती हीच.

पहिला घोळ लगेच झाला. ‘डबे’वरून खाली ‘उपवासाचे’पर्यंत पोचेपर्यंत मेनू गायब! दिसायला छान म्हणून मध्ये १० पिक्सेलचं मार्जिन सोडलं होतं. माउस त्या फटीत गेला, की यादी बंद. मार्जिन काढून तेवढंच पॅडिंग दिलं. पॅडिंग यादीचाच भाग असतं, त्यामुळे काम फत्ते!

ऐटीत मावशीला लिंक पाठवली. पाच मिनिटांत फोन. ‘‘अगं, उपवासाचे डबे कुठायत?’’ तिच्या मोबाइलवर माउस कुठला? ‘डबे’वर बोट लावलं, की यादी दिसण्याआधीच पुढचं पान. आणि तिची गिऱ्हाइकं सगळी मोबाइलवालीच! म्हणजे ऑर्डरच बुडाली असती.

शेवटी दाबल्यावर उघडणारं साधं बटण ठेवलं. ते बोटाने चालतं, माउसने चालतं, कीबोर्डनेही.

तेव्हा दोस्तहो, पहिलावहिला मेनू जमला की लॅपटॉपसमोर नाचू नका. आधी मावशीच्या हातात द्या!