‘कोर्ट’मधले नाटक आणि आमची वस्ती

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला; पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. आपल्या वर्तुळात त्याची चर्चा झाली ती मुख्यतः न्यायव्यवस्थेवरील टीका म्हणून. एका वृद्ध लोकशाहिराचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा आरोप, आणि त्या आरोपापायी चाललेला तो अंतहीन खटला, हे कथानक वाचकांना ठाऊक असेलच. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१ साली करोनाने ते गेले.

प्रस्तुत लेखकाला मात्र या चित्रपटातला एक वेगळाच प्रसंग अलीकडे वारंवार आठवतो. सरकारी वकील नूतनबाई सुट्टीच्या दिवशी नवऱ्यामुलांसह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर एका मुलीचा बाप, घरी आलेल्या उत्तर भारतीय तरुणाला मराठी अस्मितेचा पाढा वाचून दाखवतो आणि घराबाहेर काढतो. प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. मुले हसतात. मग सगळे घरी जातात. दिग्दर्शक यावर काहीही भाष्य करीत नाही. कॅमेरा जागचा हलतसुद्धा नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी या प्रसंगावरून नूतनबाईंना खलनायिका ठरवून टाकले. हे मला मान्य नाही. ही बाई लोकलने प्रवास करते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते आणि रात्री पुन्हा कागद चाळीत बसते. शाहिराविषयी तिच्या मनात द्वेष नाही. त्याला एकदाची वीस वर्षे देऊन टाकावीत म्हणजे प्रकरण मिटेल, इतकेच ती सहकाऱ्यांजवळ कंटाळून म्हणते. याउलट बचावाचे वकील वोरा यांचे विचार तुमच्या-माझ्यासारखे आहेत. पण ते मोटारीत जॅझ ऐकतात, वातानुकूलित दुकानातून चीज आणि मद्य आणतात, आणि ज्या वस्तीतील माणसासाठी ते लढतात त्या वस्तीची भाषा त्यांना बेताचीच येते. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा या चित्रपटात बोलल्या जातात, आणि सगळे जण सौजन्याने, कायद्याला धरून बोलतात. मृत कामगाराची पत्नी साक्षीत सांगते की गटारातून झुरळे बाहेर येतात की नाही हे पाहून तो आत विषारी वायू आहे किंवा नाही ते ठरवीत असे, आणि घाण सोसवत नाही म्हणून दारू पिऊन उतरत असे. या एका वाक्यात आख्खे अर्थशास्त्र आहे. न्यायालयात त्याची नोंद होते. ऐकत कुणीच नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे की मी निगडीत राहतो. भक्ती-शक्ती चौकात पहाटे कंपन्यांच्या बसगाड्यांसाठी जे तरुण उभे असतात, त्यांपैकी निम्म्यांचे बोलणे भोजपुरी, मैथिली किंवा ओडिया असते, निम्म्यांचे मराठवाड्यातले किंवा खानदेशातले. एकाच खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण पाळीपाळीने झोपतात. दोघांच्याही गळ्यात कंत्राटदाराचेच ओळखपत्र असते. तरीही वस्तीत नळावरून, गाडी लावण्यावरून किंवा रात्री उशिरा वाजणाऱ्या गाण्यावरून भांडण झाले की ते चौथ्या वाक्याला ‘तुम्ही बाहेरचे’ येथे येऊन पोहोचते. आमच्या सोसायटीच्या सभेत ‘परप्रांतीय भाडेकरू ठेवू नयेत’ असा ठराव एका सज्जन गृहस्थांनी मांडला. ते स्वतः उस्मानाबादेकडून १९७२ च्या दुष्काळानंतर येथे आलेले. कुणाला त्यात विसंगती जाणवली नाही. (ठराव बारगळला, पण तो तत्त्वामुळे नव्हे, निम्म्या सभासदांचे भाड्याचे उत्पन्न बुडाले असते म्हणून.)

वस्तुतः हे शहरच उपऱ्यांचे आहे. पन्नाशीच्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला, मग औद्योगिक वसाहत आली, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आज प्राधिकरणातल्या भूखंडांचे भाव पाहिले तर तेथे चाकणचा कंत्राटी कामगार फक्त पहारेकरी म्हणून राहू शकतो. २०२१ साली ते प्राधिकरणही विसर्जित झाले. घर, पाणी, कायमची नोकरी यांची टंचाई ज्यांनी निर्माण केली ते या भांडणात कोठेच दिसत नाहीत. कंत्राटदाराला बिहारी हवा असतो तो तो अधिक राबतो म्हणून नव्हे, तर त्याला येथे मामा-काका नाहीत, गावकी नाही, आणि युनियनची सूचना त्याला वाचता येत नाही म्हणून. उद्या मराठी मुलगा तितकाच एकाकी झाला तर कंत्राटदाराला तोही चालेल. लातूर-नांदेडकडच्या मुलांच्या बाबतीत हे घडतेच आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला, पण २०२० च्या टाळेबंदीत रस्त्याने चालत निघालेल्यांची साधी यादीसुद्धा कुणापाशी नव्हती. २००८ साली मारहाणीच्या भयाने उत्तर भारतीय कामगार पुणे-नाशिकच्या भागांतून निघून गेले तेव्हा कारखानदारांनी मनुष्यबळ नसल्याची तक्रार केली. कंत्राटी पद्धतीला मात्र धक्का लागला नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला आणि तीव्र विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. त्या विरोधात मीही होतो. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादणे शिक्षणशास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही आणि संघराज्याच्या तत्त्वातही बसत नाही. पण शासनाशी भांडणे निराळे आणि दुकानदाराच्या कानशिलात लगावणे निराळे. हा फरक त्या पंधरवड्यात आपल्या माणसांनी जितक्या मोठ्या आवाजात सांगायला हवा होता तितका सांगितला नाही. आपण गप्प बसलो, कारण टाळ्या कोणत्या वाक्याला पडतात हे आपल्याला ठाऊक होते.

हे गप्प बसणे आजचेही नाही. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली होती. दाक्षिणात्यांच्या खानावळींवर दगड पडत असतानाचे ते दिवस. त्या वेळी दिलेली कारणे आजही ऐकू येतात: जनतेच्या भावना समजून घेतल्या पाहिजेत, प्रवाहापासून तुटून चालणार नाही. सेनेला ४२ जागा मिळाल्या आणि आपल्या हाती काय उरले ते ज्येष्ठ वाचकांना सांगायला नको. भावना समजून घेणे आवश्यकच आहे. पण ती समजून घेतल्यावर तिला उत्तरही द्यायचे असते, आणि ते उत्तर भाषणापेक्षा खोलीभाड्याच्या व किमान वेतनाच्या हिशेबातून द्यावे लागते.

चित्रपटाविषयीही एक तक्रार आहे. त्या नाटकातला उत्तर भारतीय तरुण म्हणजे केवळ हशाचे निमित्त. संपूर्ण चित्रपटात त्याच्या जातकुळीच्या माणसाची बाजू येत नाही. ताम्हाणे कदाचित म्हणतील, तेच तर दाखवायचे होते. असेल. तरी ही पोकळी मला खटकते.

गेल्या महिन्यात आम्ही काही मंडळींनी एका सहकाऱ्याच्या घरी हा चित्रपट लावला. दरभंग्याकडचा एक कंत्राटी कामगार, आमच्या अभ्यासवर्गाला अधूनमधून येणारा, त्यालाही बोलावले होते. चर्चा दीड तास चालली; व्यवस्था, हिंसा, अभिव्यक्ती, सगळे झाले, अर्थात मराठीत. अखेरीस माझ्या ध्यानात आले की त्याला कुणी काही विचारलेच नाही. तुम्हांला कसा वाटला, असे मी हिंदीत विचारले. न्यायालयातले पुष्कळसे समजले नाही, तो म्हणाला. नाटकाचा भाग तेवढा समजला. लोक कशाला हसत होते तेही समजले. मग उद्या पहिली पाळी आहे असे सांगून तो चहा न घेताच निघाला.

पुढल्या वर्गाची सूचना मराठीबरोबर हिंदीतही काढावी असे मी सुचवले आहे. दोन जुन्या सहकाऱ्यांचा त्याला विरोध आहे. येत्या रविवारी त्यावर चर्चा आहे, आणि त्यालाही मी बोलावले आहे.