शिक्का मारणाऱ्याचीही चौकशी व्हावी

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘विचलित वर्तन’ नावाचे एक प्रकरण असते. समाजाचे नियम मोडणारे वर्तन म्हणजे विचलन, ही व्याख्या आमची मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण हे नियम कोणी केले आणि कोणाच्या सोयीसाठी केले, हे किती वर्गांत विचारले जाते? २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेले आमचे पूर्वज तेव्हाच्या सवर्ण समाजाच्या लेखी नियम मोडणारेच होते! त्यांनी पाणी प्यायले म्हणून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. दोष वर्तनात होता की नियमात, हे आज कोणाला सांगायला नको.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये ‘आउटसायडर्स’ या ग्रंथात हाच मुद्दा सिद्धान्त म्हणून मांडला. कोणतेही कृत्य मुळातच विचलित नसते. ज्यांच्या हाती सत्ता असते ते नियम करतात, तो ठरावीक माणसांना लावतात आणि त्यांच्यावर शिक्का मारतात. एकदा शिक्का बसला की काम, घर, प्रतिष्ठा यांची दारे बंद होतात आणि माणूस ज्या वाटेचा आरोप होता त्याच वाटेला ढकलला जातो.

हे समजण्यासाठी आम्हाला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. या देशात धंदा बापाकडून मुलाकडे जातो, मग गुन्हाही तसाच जाणार, असा तर्क त्यामागे होता. हा तर्क विलायतेतून आला नव्हता. जातिव्यवस्थेने तो इंग्रजांच्या हाती आयता दिला होता. जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना आणि सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंट! बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांचा एकत्र उल्लेख करून, असे वर्ग जन्माला घालणाऱ्या संस्कृतीचीच झडती घेतली. बेकरच्या ग्रंथाआधी पंधरा वर्षे!

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर होती तिथेच राहिली. २००३ मधील एका गुन्ह्यात महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आरोपी भटक्या जमातींचे गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. तुरुंगात गेलेली उमेदीची वर्षे पाच लाखांत परत मिळतात काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी याच न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनीही हे बजावावे लागते!

आता दुसरी बाजू पाहा. एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये पांढरपेशी गुन्हेगारीचा प्रश्न मांडला. गुन्ह्यांच्या आकडेवारीत गरीबच जास्त दिसतात, कारण कोट घालून केलेली लूट त्या आकडेवारीत फारशी येतच नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे चोरीचा संशय आला की पोलीस पारध्यांच्या पालावर जातात. बँक बुडाली म्हणून संचालकांच्या अख्ख्या जातीला कोणी ठाण्यात बसवून ठेवत नाही.

गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ती पुराव्यावर व्हावी, जन्मावर नव्हे. समाजशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी हे सिद्धान्त केवळ गुणांसाठी वाचू नयेत. पालावर जावे, अटकेच्या नोंदी तपासाव्यात, माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत आणि सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करण्याची मागणी पुराव्यासह पुढे न्यावी. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, त्याला जोडूनच ‘संघर्ष करा’ म्हटले होते, याचा विसर पडता कामा नये.