अंगावर आहे, नावावर नाही

लग्नसराई तोंडावर आली की वर्तमानपत्रांची पहिली पानं सराफांच्या जाहिरातींनी भरून जातात. पूर्वी तिथे सोनं असायचं. आता सोन्याच्या खांद्याला खांदा लावून हिरा उभा असतो. जाहिरातीत बाईची मान दिसते, कानाची पाळी दिसते, लाजलेले डोळे दिसतात. तिच्या बोटात अंगठी सरकवणारा पुरुषाचा हात दिसतो. पावती कुणाच्या नावावर फाटली, हे मात्र कधीच दिसत नाही. मला बोलायचं आहे ते या न दिसणाऱ्या पावतीबद्दल.

मैत्रिणींनो, काहीजणी म्हणतील की ज्या बायकांबरोबर आपण काम करतो त्यांच्या गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या असल्या तरी पुष्कळ. हिऱ्याची चर्चा आपण कशाला करायची? पण श्रीमंतांच्या घरची हौस काही वर्षांत मध्यमवर्गाची रीत होते, आणि आणखी काही वर्षांनी ती मुलीच्या बापाच्या डोक्यावरचं कर्ज होते. हुंड्याच्या बाबतीत आपण हेच पाहिलं. 'आम्हाला काही नको, फक्त जावयाला हिऱ्याची अंगठी घाला' हे वाक्य मी वस्तीतल्या बैठकींतही ऐकलेलं आहे. म्हणून या चकाकीची जन्मकुंडली एकदा मांडलीच पाहिजे.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. गोवळकोंड्याच्या राज्यात कृष्णाकाठी कोल्लूरची खाण होती. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तिथे गेला. त्याच्या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवलं आहे, की तिथे साठ हजारांच्या आसपास माणसं राबत होती. पुरुष खणत होते आणि बायका-मुलं माती वाहत होती. हिऱ्याच्या इतिहासात बादशहा येतात, लुटारू येतात, व्यापारी येतात. पाट्या वाहून मानेचा काटा ढिला झालेली बाई येते ती या एका वाक्यापुरती. तो हिरा तिच्या डोक्यावरून गेला, पण पाटीतून गेला.

आणि ज्यांच्या डोक्यावर तो मुकुटातून बसला त्यांचं काय? कोहिनूर १८४९ साली ब्रिटिशांनी पंजाबकडून घेतला, तेव्हा करारावर सही करणारा महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता. त्याची आई राणी जिंदन हिला इंग्रजांनी १८४७ मध्येच त्याच्यापासून तोडून कैदेत टाकलं होतं. आई जवळ असती तर ती सही इतक्या सुखासुखी झाली असती का? पुढे हा हिरा पुरुषाला लाभत नाही अशी समजूत रुळली आणि तो राजाच्या बायकोच्या मुकुटात बसवला जाऊ लागला. १९३७ साली ज्या मुकुटात तो बसवला, तोही राजपत्नीचाच. म्हणजे अपशकुनी वस्तू बाईच्या डोक्यावर, मालकी राजघराण्याची. राणी झाली तरी न्याय तोच.

आजच्या हिऱ्याची गोष्ट मात्र दक्षिण आफ्रिकेत सुरू होते. १८६७ च्या सुमारास तिथे हिरे सापडले आणि किंबर्लेला माणसांनी कुदळ-फावड्यांनी डोंगर उलटा करावा तसा खड्डा खणला. काळ्या मजुरांना कराराचे महिनेन् महिने कुंपणाआड कोंडून ठेवत. चोरीच्या संशयावरून त्यांच्या अंगाची विटंबना होईल अशी झडती घेत. मजुरी एकट्या पुरुषाच्या पोटापुरती. गावाकडची शेती, म्हातारी माणसं, पोरं हे सगळं बायकांनी फुकट सांभाळायचं. कंपनीच्या नफ्यात त्या बायकांचे कष्ट धरलेले होते, फक्त हिशोबाच्या वहीत त्यांची नोंद नव्हती. आपल्याकडे गिरणगावच्या काळात कोकणात राहिलेल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हिरे इतके निघाले की भाव कोसळण्याची भीती निर्माण झाली. १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सने डी बिअर्स कंपनी उभी केली. पुढे विसाव्या शतकाचा बराच काळ जगातल्या बहुतेक कच्च्या हिऱ्यांचा व्यापार या एका कंपनीच्या मुठीत होता. माल गोदामात अडवून टंचाई निर्माण करायची, ही तिची रीत. आपल्या गावचा साठेबाज व्यापारी साखरेचं जे करतो तेच. पण साखर लोकांना लागतेच. हिरा कुणाला लागतो? मग ती गरज तयार करावी लागली, आणि त्यासाठी निवडली गेली बाई.

१९३८ पासून अमेरिकेतल्या एका जाहिरात संस्थेने हे काम हाती घेतलं. सिनेमातल्या नट्यांच्या बोटांत अंगठ्या दिसू लागल्या. शाळांमधून मुलींपुढे हिऱ्यांवर व्याख्यानं ठेवली गेली. १९४७ साली 'हिरा म्हणजे कायमचा' या अर्थाचं प्रसिद्ध घोषवाक्य लिहिलं गेलं. ते लिहिणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी स्वतः जन्मभर अविवाहित राहिल्या. १९५३ मध्ये 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स' या चित्रपटात मेरिलिन मन्रोने हिरे हेच मुलीचे सच्चे मित्र असल्याचं गाणं म्हटलं. त्यातली नायिका काही भोळी नाही. पुरुष निघून जातील, रूप ओसरेल, तेव्हा दगडच उपयोगी पडेल, असा तिचा रोकडा हिशोब आहे. हिशोब चुकीचा आहे, पण भीती खरी आहे. आणि बाजार नेमका या भीतीवर चालतो.

जपानमध्ये साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी देण्याची प्रथाच नव्हती. १९६७ मध्ये तिथे प्रचार सुरू झाला तेव्हा शंभरातल्या पाचजणींनाही ती मिळत नव्हती. १९८१ पर्यंत साठ टक्के वधूंच्या बोटात ती आली. अवघ्या चौदा वर्षांत एक 'परंपरा' जन्माला आली! आपल्याकडे बाजारपेठ खुली झाल्यावर तेच घोषवाक्य हिंदीत आलं. मोत्याची नथ, ठुशी, पाटल्या-बांगड्या म्हणजे महाराष्ट्राचं लेणं. साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी त्यात कधी शिरली हे आज कुणी विचारतही नाही.

आता त्या 'कायमचा' या शब्दाकडे बघा. त्याचा खरा अर्थ आहे, विकू नका. लोकांनी घरातले हिरे विकायला काढले तर टंचाईचं सोंग उघडं पडेल. म्हणून विकणं म्हणजे प्रेमाचा अपमान, असं मनावर बिंबवलं गेलं.

समाजकार्याचं शिक्षण घेतल्यापासून मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. तिथे मी या शब्दाची किंमत पाहिली आहे. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक बाई अंगावरच्या दागिन्यांनिशी आली. भाड्याच्या खोलीची अनामत भरायची होती, म्हणून मी तिच्याबरोबर सराफाकडे गेले. मंगळसूत्र मोडलं, त्याचे त्या दिवसाच्या भावाने पैसे मिळाले. अंगठीची पाळी आली तेव्हा सराफाने चिमट्याने हिरा काढून कागदावर ठेवला आणि उरलेली सोन्याची कडी तेवढी काट्यावर टाकली. 'याचे?' तिने विचारलं. 'पावती आहे?' त्याने विचारलं. पावती नवऱ्याच्या कपाटात होती आणि नवऱ्याच्याच नावावर होती. पावती असती तरी दिलेली किंमत परत मिळणं कठीणच, कारण त्या किमतीत दुकानाचा नफा आणि जाहिरातीचा खर्च दोन्ही धरलेले असतात. सोनं अडीअडचणीला बाईच्या उपयोगी पडतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. हिरा तेवढंही करत नाही.

या दगडापायी दुसरीकडच्या बायकांनी काय भोगलं तेही सांगितलं पाहिजे. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात चाललेल्या यादवीत बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रं घेतली. पळवून नेलेल्या मुलींना ते 'बायको' म्हणत. म्हणजे बलात्कारही सोसायचा आणि भाकऱ्याही थापायच्या. सक्तीचा विवाह हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा आहे, असं तिथल्या विशेष न्यायालयाच्या अपील पीठाने २००८ मध्ये म्हटलं. एकीकडे हिरा म्हणजे विवाहाचं वचन आणि दुसरीकडे हिऱ्यापायी विवाहाच्या नावाने ही गुलामी! २००३ पासून 'किंबर्ले प्रोसेस' ही प्रमाणपत्राची पद्धत आली. पण तिच्या व्याख्येत फक्त बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे येतात. झिंबाब्वेतल्या मरांगे इथे २००८ मध्ये सरकारी सैनिकांनी खाण कामगारांना मारलं, बायकांवर अत्याचार केले; ते या व्याख्येत बसत नाही. घरातल्या माणसाने केलेली मारहाण 'खाजगी बाब' म्हणून सोडून देणाऱ्या पोलीस चौकीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू आपल्या सुरतेत पडतात. परदेशातली मागणी घटली की तिथले कारखाने थंडावतात आणि रत्नकलाकार बेकार होतात. २०२५ मध्ये गुजरात सरकारला त्यांच्या मुलांच्या शाळेच्या फीसाठी मदत जाहीर करावी लागली. चूल चालवण्याची जबाबदारी अशा वेळी कुणावर पडते हे आपल्याला माहीत आहे. त्यातच प्रयोगशाळेत काही आठवड्यांत तयार होणारा हिरा आला आहे. तोही खरा कार्बन, तितकाच कठीण, पण किमतीला कितीतरी स्वस्त. 'कायमचा' हा शब्द असा यंत्रानेच फोल ठरवला.

स्वतःच्या कमाईतून हौसेने हिरा घेणाऱ्या मैत्रिणीला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. नटण्याची हौस म्हणजे गुन्हा नव्हे. माझा आक्षेप आहे तो देण्याघेण्यातल्या फसवणुकीला. लग्नात मुलीच्या अंगावर दागिना चढतो, आणि पुढे एक दिवस माहेर तुटू नये म्हणून तीच मुलगी भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. तो एका सहीत जातो आणि तिच्या बोटात चमकणारा दगड राहतो. याला प्रेम म्हणायचं की सौदा?

म्हणून आपल्या मंडळांनी येत्या लग्नसराईत काही गोष्टी धरून चालाव्यात. लग्नातल्या भेटवस्तूंची सह्यांसकट यादी करण्याचे नियम १९८५ पासून आहेत. ती यादी करायला लावा आणि तिची एक प्रत मुलीजवळ ठेवा. स्त्रीधनावर बाईची पूर्ण मालकी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे, आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली ते परत मागता येतं. हे प्रत्येक शिबिरात सांगा. दागिना घेतलाच तर पावती तिच्या नावाची हवी. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली, ते उदाहरण आपल्यासमोर आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे.

हिऱ्यापोटी गारगोटी निपजते, असं आपल्याकडे म्हणतात. बाईच्या पदरात आजवर गारगोटीच हिरा म्हणून टाकली गेली. यापुढे कुणी 'तुझ्यासाठी काय आणू?' असं विचारलं, तर आपल्या मुलींनी निःसंकोच सांगावं: सातबाऱ्यावर नाव आण.