बारमाही काम, हंगामी माणूस

राजधानीतल्या कोणत्याही सरकारी भवनात साहेबांची गाडी पोर्चमध्ये लागते, तेव्हा लाद्या पुसून झालेल्या असतात, कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या असतात आणि दारावरचा रक्षक सलामासाठी सज्ज उभा असतो. ही माणसे सरकारचे काम करतात, पण ती सरकारची माणसे नाहीत. ठरावीक मुदतीने निविदा निघते, कंत्राटदार बदलतो, गणवेशाच्या खिशावरचे नाव बदलते. फडके मारणारा हात पुष्कळदा तोच राहतो. त्याची नोकरी मात्र प्रत्येक नव्या कंत्राटदाराकडे पहिल्या दिवसापासून सुरू होते.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले, तेव्हा चर्चा रंगली ती मुख्यतः कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेल्याची. ती चर्चा आवश्यकच होती. पण सरकार हे स्वतःच एक मोठे नियोक्ते आहे आणि त्याच्या दारातला प्रश्न त्या गदारोळात झाकला गेला.

हा प्रश्न नवा नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायद्याच्या नावातच निर्मूलनाचे अभिवचन होते. कंत्राटी पद्धतीवर बंदी घालायची की नाही, हे ठरवण्यासाठी कलम १० मध्ये काही कसोट्या दिल्या होत्या. त्यांतील एक अगदी साधी होती: काम बारमाही आहे काय? या कलमाच्या आधारे ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडलोट, साफसफाई व पहारा ही कामे कंत्राटी कामगारांकडून करून घेण्यास मनाई केली. मुंबईतील एअर इंडियाच्या कंत्राटी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले, की बंदी आली म्हणजे कामगार मूळ आस्थापनेत सामावून घेतलाच पाहिजे. कायद्याने दिलेले आश्वासन प्रत्यक्षात उतरले असे वाटावे, असा तो क्षण होता. तो पाच वर्षेही टिकला नाही. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने हा निकाल फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द ठरवली. कारण ती सरसकट काढताना कलम १० च्या कसोट्यांचा विचारच झाला नव्हता. कंत्राट निव्वळ देखावा असल्याचे सिद्ध झाले, तरच दाद मिळण्याची वाट उरली.

नव्या संहितेने ही कसोटीच बदलली. काम बारमाही आहे का, याऐवजी ते आस्थापनेचे 'मुख्य कार्य' आहे का, असा प्रश्न आता विचारला जातो. मुख्य कार्यात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे. पण त्या कार्याच्या व्याख्येतून काय वगळले, याची यादी वाचण्याजोगी आहे. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तर झाडलोट व कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, धुलाई ही सारी कामे मुख्य कार्याबाहेर जातात. यादीत पहिला क्रमांक झाडूचा आहे. १९७६ मध्ये जे काम कंत्राटाच्या कक्षेतून बाहेर काढले होते, तेच आता कायद्याने हात धरून पुन्हा आत आणून बसवले. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी पूर्वी २० कामगार पुरेसे होते, आता ५० लागतात. मोठे काम लहान कंत्राटांत विभागण्याचा मोह यातून कोणाला होईल, हे सांगायला नको.

हे सारे संसदेने मंजूर केले, पण कसे? २२ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने, महासाथीच्या सावटाखालील अधिवेशनात, तीन संहितांवर मोहोर उमटवली. कृषी विधेयकांवरून झालेल्या निलंबनाच्या निषेधार्थ विरोधी पक्ष बहिष्कार टाकून बाहेर होते. सरकारला घाई होती आणि विरोधक सभागृहात नव्हते. व्याख्येतील त्या यादीवर शब्दाशब्दाने वाद व्हायला हवा होता. तो झाला नाही, याचा दोष एकाच बाकाकडे जात नाही.

संहितेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, वेळेवर वेतन, कंत्राटदाराने वेतन चुकवले तर ते देण्याची मुख्य नियोक्त्याची जबाबदारी, या तरतुदी मोलाच्या आहेत. मुख्य आणि पूरक कामांतील भेदही एका रात्रीत सुचलेला नाही. रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ मध्ये तो सुचवला होता. मात्र कंत्राटी कामगाराला तुलनीय कामाच्या नियमित कामगाराएवढे वेतन मिळावे, हेही त्याच आयोगाने म्हटले होते. शिफारशीचा पहिला भाग कायद्यात ठळक उमटला. दुसऱ्याच्या वाट्याला तेवढी ठळक शाई आली नाही.

न्यायालयाची दिशा या सुमारास वेगळी दिसते. हंगामी कर्मचाऱ्यांना कायम करण्यास आळा घालणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन खाती वर्षानुवर्षे दावे फेटाळत आली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई व बागकाम कर्मचाऱ्यांना न्याय देताना न्या. विक्रम नाथ व न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने या गैरवापरावर बोट ठेवले. कर्मचाऱ्यांना काढून तेच काम बाहेरून करून घेतले जाते, याचाच अर्थ ते काम कायमस्वरूपी आहे, हा त्यातील युक्तिवाद बिनतोड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले, की राज्य हे संविधानाने बांधलेले नियोक्ते आहे. अंदाजपत्रकाचा मेळ त्याने सर्वांत तळाच्या माणसाच्या पाठीवर घालू नये. कायदा काम 'मुख्य' आहे का हे विचारतो, न्यायालय ते 'बारमाही' आहे का हे पाहते. या दोहोंमध्ये सफाई कामगार उभा आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. नऊ संस्थांमार्फत सरकारी पदे बाह्यस्रोताने भरण्याचा २०२३ चा शासन निर्णय स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांच्या संतापापुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. तो संताप रास्तच होता. पण मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना आपला हक्क मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा असा क्षोभ दिसला नव्हता. आपला विरोध कंत्राटीकरणाला आहे की केवळ आपल्या मुलांच्या कंत्राटीकरणाला?

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना हा प्रश्न अधिक लागू आहे, कारण निविदेवर सही त्यांची असते. किमान वेतन कायद्याने ठरलेले असल्याने कंत्राटदारांची स्पर्धा सेवाशुल्कापुरती उरते. मग खात्यात जमा झालेल्या वेतनातील काही भाग रोखीने परत मागितला जातो, ही तक्रार दबक्या आवाजात सर्वत्र ऐकू येते. उघडपणे ती करणार कोण? पुढच्या निविदेत नाव राहील की नाही, हे तोंड उघडण्यावर अवलंबून असते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये घटनासमितीसाठी तयार केलेल्या निवेदनात हेच दाखवून दिले होते: उपासमारीच्या भीतीपुढे माणूस मूलभूत हक्कही सोडून देतो.

काही गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कंत्राटदार बदलला तरी काम करणारी माणसे व त्यांची सेवा कायम राहील, अशी अट निविदेत घालता येते. वेतन पूर्ण मिळाले की नाही, याची शहानिशा कंत्राटदाराला वगळून थेट कामगाराकडे करता येते. प्रत्येक मंत्रालयाला आपल्या कंत्राटी मनुष्यबळाची संख्या वार्षिक अहवालात छापता येते. त्यांचा खर्च 'वेतन' या शीर्षाखाली पडत नाही, म्हणून ती माणसे मोजायचीच नाहीत, हा हिशेब आता पुरे झाला. मुख्य नियोक्ता ही कायद्यातील संज्ञा असली, तरी त्या जागी शेवटी एक अधिकारीच बसलेला असतो. उद्या सकाळी त्याच्या टेबलावरची धूळ कोणीतरी पुसलेली असेल. निदान त्याचे नाव तरी त्याला ठाऊक असावे.