सहलीला आचारी नको

आठवी-नववीची सहल डिसेंबरात शनिवार-रविवार इंदूरला जाणार, हे पालकांना कळले आहेच. त्यावर विश्वस्त मंडळींकडून एक सूचना आली आहे. आचारी, शिधा आणि गॅस बरोबर न्यावा, म्हणजे मुलांना घरच्यासारखे जेवण मिळेल, पोटे बिघडणार नाहीत आणि खर्चही आटोक्यात राहील. सूचनेमागची काळजी मला मान्य आहे, सूचना मात्र मान्य नाही. का, ते इथेच लिहिते, म्हणजे पालकसभेत वेळ वाचेल. (गॅसची टाकी रेल्वेतून नेता येत नाही, तो मुद्दा तर इथेच निकालात निघाला.)

ग्वाल्हेरला आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला किल्ला दाखवतो, जयविलास दाखवतो. पण त्याआधी सकाळी गरम बेडई खाऊ घालतो आणि निघताना हातात गजकाचा डबा देतो. त्या पाहुण्याने खोलीत बसून स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली, तर आपल्याला बरे वाटेल का? मग आपली मुले इंदूरला जाऊन तेच का करतील?

एक पालक म्हणाले, "मॅडम, मुलं शिकायला चालली आहेत की खायला?" दोन्ही कामे एकाच ठाण्यावर होतात. राजवाडा पाहताना मार्गदर्शक सांगेल की 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. मुले वहीत लिहून घेतील आणि परीक्षेनंतर विसरतील. राजवाड्यापासून चार पावलांवर सराफा आहे. दिवसा तिथे सोन्या-चांदीचे व्यवहार चालतात. रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया आणि तवे मांडले जातात. तिथे विकणारा हिंदीत ओरडतो, "भुट्टे का कीस!" या तीन शब्दांत आपल्या लोकांचा इतिहास आहे. हिंदीत आपण कद्दूकस करतो. कीस काढतो तो मराठीत. कोवळी कणसे किसायची, मोहरी-मिरचीच्या फोडणीवर परतायची आणि दूध घालून शिजवायची. उपासाचा बटाट्याचा कीस ज्यांच्या आजीने केला आहे, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. माळव्याचा मका, आपला शब्द, आणि आज विकणाऱ्याला तो शब्द कुठला हे बहुधा ठाऊकही नसेल.

माझे शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. मराठी मला पुस्तकातून मिळाली नाही, स्वयंपाकघरातून मिळाली. किसणे, परतणे, आटवणे, वाफ काढणे, हे शब्द आईच्या हाताखाली शिकले. आपल्या शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आज तेच आहे, मधल्या सुट्टीत कान दिला तर कळते. म्हणून मराठी टिकवायची असे आपण स्नेहसंमेलनात म्हणतो, तेव्हा मला आधी कढई आठवते.

पोह्यांचेही तसेच. आपण घरी कांदा फोडणीत परततो, दाणे घालतो, वर खोबरे-कोथिंबीर. इंदूरला पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत गरम ठेवलेले असतात. त्यात बडीशेप लागते, वर कच्चा कांदा, शेव आणि जिरावन पडते, आणि शेजारी जिलबी असते. पोहे मराठी मंडळींबरोबर तिकडे गेले असे मानतात. गेले ते खरे, पण माळव्याने त्यांना आपल्यासारखे करून घेतले. घर सोडून दोन-अडीचशे वर्षे दुसऱ्या मुलखात राहिलेल्या माणसांचे काय होते, ते त्या बशीत दिसते. आपलेही तेच झाले आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता पोटाबद्दल. इंदूर 2017 ते 2023 सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले, म्हणून डोळे मिटून काहीही खावे असे मी म्हणणार नाही. समोर कढईतून किंवा तव्यावरून उतरलेलेच खायचे. बर्फ नाही. पाणी आपल्याच बाटलीतले. पाणीपुरी नाही, रडलात तरी नाही. थंडीत गराडू मिळतो. हा कंद तळून त्यावर लिंबू आणि जिरावन टाकतात, तो बेलाशक खावा. उपास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी आहे, तीही घरच्याहून निराळी, लिंबू-मसाला मारून वाटीत कालवलेली. ज्यांना दाण्याची किंवा दुधाची बाधा होते त्यांच्या पालकांनी वर्गशिक्षकांना लेखी कळवावे. सहलीत सर्वांचे खाणे शाकाहारी राहील.

पैशाच्या बाबतीत मी कोणाचे ऐकणार नाही. एकाच्या खिशात पाचशेची नोट आणि दुसऱ्याच्या खिशात काहीच नाही, अशा दोन मुलांना सराफ्यात शेजारी उभे करणे मला जमणार नाही. खाण्याचा खर्च सहल-शुल्कातच धरला आहे आणि वरखर्चाला कोणीही पैसे देऊ नयेत. चार मुलांत एक बशी. त्यामुळे चार पदार्थ चाखून होतात, कोणी अति खात नाही आणि वाटून घ्यायची सवय लागते. ज्या घरांना शुल्क जड आहे त्यांची व्यवस्था गुपचूप होईल, मला फक्त सांगावे. आचाऱ्याचे भाडे, मजुरी आणि शिधा वाचतो, त्यातून हे सहज निघते. हिशेब कार्यालयात पाहायला ठेवला आहे.

प्रत्येक गटाने एका विक्रेत्याशी बोलून एक पदार्थ कसा करतात ते मराठीत लिहून आणायचे आहे. गुण नाहीत. जिरावनात काय काय पडते हे जो गट नीट विचारून आणेल, त्याच्याकडून मीही लिहून घेईन.

रात्रीची गाडी सकाळी पोहोचेल. तोंड धुऊन थेट पोह्यांच्या गाडीवर जायचे आहे, तेव्हा मातांनी चिवड्याचे डबे कृपा करून देऊ नयेत.