गियर कोणी बदलावा?

मोटार घेण्याचा विचार घरात सुरू झाला की किंमत, रंग आणि इंधन या तीन विषयांवर चर्चा रंगते. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात चौथ्या विषयाची भर पडली आहे. गियर आपण बदलायचा, की तो गाडीने स्वतःच बदलायचा? पूर्वी मध्यमवर्गीय कुटुंबापुढे हा प्रश्न क्वचितच उभा राहत असे. स्वयंचलित गियरच्या मोटारी आपल्याकडे मिळत असत. परंतु त्या महाग, इंधन अधिक खाणाऱ्या आणि संख्येने थोड्या होत्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ या छोट्या मोटारीत कमी खर्चाची स्वयंचलित गियरप्रणाली आणली आणि चित्र पालटू लागले. आज अनेक छोट्या मोटारी दोन्ही प्रकारांत उपलब्ध आहेत.

पर्याय आले की निवड आली, आणि निवडीच्या वेळी घरातील वडीलधारे व मित्रमंडळी एक ठरलेले वाक्य हमखास ऐकवतात : ‘गियर न बदलता चालवली ती कसली गाडी!’ प्रस्तुत लेखाचा हेतू या वाक्याची परीक्षा करण्याचा आहे. कारण या एका वाक्यापायी, जी व्यक्ती रोज गाडी चालवणार आहे तिच्या सोयीची गाडी अनेकदा घरात येत नाही. आणि काही वेळा ती व्यक्ती गाडी चालवणेच सोडून देते.

कौशल्य कशात आहे?

या वाक्यामागील भावना मात्र समजून घेण्याजोगी आहे. ज्या पिढीने प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसिडर चालवली, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गियर हाताने सांभाळला आणि घाटातील चढावर अर्धा क्लच धरून गाडी मागे न जाऊ देता पुढे काढली, तिला आपल्या कसबाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. ते कसब खरेच होते. परंतु कसबाची व्याख्या यंत्राबरोबर बदलत आली आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अगदी सुरुवातीच्या मोटारींत गियर बदलताना क्लच दोनदा दाबून इंजिनाची गती अंदाजाने जुळवावी लागे. ती जुळली नाही तर दात्यांचा खडखडाट होई. १९२८ मध्ये कॅडिलॅकने दात्यांची गती आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश ही रचना आणली आणि चालकाचे ते काम गेले. पुढे जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल मोटारींमध्ये हायड्रा-मॅटिक ही संपूर्ण स्वयंचलित प्रणाली दिली. म्हणजे आज ज्याला आपण ‘हाताचा गियर’ म्हणतो, त्यातील निम्मे काम यंत्राने कधीच आपल्याकडे घेतले आहे. रेषा नेमकी तिथेच ओढावी आणि त्यापुढची सोय म्हणजे आळस, असे म्हणण्यास आधार नाही.

बँकेच्या वाचकांना हा युक्तिवाद परका वाटू नये. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणासंबंधी अहवाल दिला, त्या सुमारासही अशीच शंका घेतली जात होती. खातेवहीतील नोंदी, व्याजाची आकारणी आणि दिवसअखेरचा ताळमेळ ही कामे यंत्राने केली, तर बँक कर्मचाऱ्याकडे उरणार काय? उरला तो निर्णय. कर्ज कोणाला द्यावे, कोणती सही संशयास्पद आहे, समोरच्या ग्राहकाला खरोखर कशाची गरज आहे, हे ओळखण्याचे काम यंत्राने घेतले नाही. मोटारीचेही तसेच आहे. पुढचा ट्रक अचानक थांबेल काय, पदपथावरचे मूल चेंडूमागे रस्त्यावर धावेल काय, पावसाने भरलेला खड्डा किती खोल असेल, याचा अंदाज कोणतीही गियरपेटी घेत नाही. चालकाचे कौशल्य तिथे आहे. गियर बदलणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक, आणि त्यातल्या त्यात यंत्राकडे सोपवण्यास सर्वांत सोपे.

डाव्या पायाचा हिशेब

शहरातील वाहतुकीचा विचार केला तर हे काम किती मोठे आहे ते कळते. बंगळूरुचा सिल्क बोर्ड चौक असो, मुंबईचा पश्चिम द्रुतगती महामार्ग असो वा दिल्लीचा रिंग रोड, गर्दीच्या वेळी गाडी चालत नाही, सरकते. दर अर्ध्या मिनिटाला एकदा थांबून पुन्हा निघावे लागते असे धरले आणि प्रत्येक खेपेस क्लच दोनदाच दाबला, तरी एका तासात तो २४० वेळा दाबला जातो. जाण्यायेण्याचे दोन तास धरले तर ४८० वेळा. तरुण, निरोगी माणसाला याचे काही वाटणार नाही. परंतु गुडघेदुखी असलेल्या साठीच्या गृहस्थाला, पाठीचा त्रास असलेल्या गृहिणीला किंवा डाव्या पायाने अधू असलेल्या व्यक्तीला हाच आकडा गाडीपासून दूर ठेवतो. ज्याचा केवळ डावा पाय साथ देत नाही, त्याला स्वयंचलित गियरची मोटार बहुधा कोणताही फेरबदल न करता चालवता येते. त्याच्या दृष्टीने हा प्रश्न चैनीचा राहत नाही. दवाखान्यात, कचेरीत किंवा लेकीच्या घरी दुसऱ्या कोणाची वाट न पाहता जाता येते की नाही, एवढा तो साधा आणि मोठा आहे.

दुचाकीच्या बाबतीत आपण हा अनुभव घेतलेला आहे. बजाज चेतकचा गियर डाव्या मुठीत असे आणि ती सुरू करण्यास लाथ मारावी लागे. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. तिला बदलायचा गियर नव्हता आणि बटण दाबताच ती सुरू होत असे. पुढे होंडाची अॅक्टिव्हा आली. पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत कितीतरी मुली आणि गृहिणी अशा स्कूटरवर शिक्षण, नोकरी आणि बाजारहाट करू लागल्या. आज गियरविना स्कूटर चालवणाऱ्याला कोणी कमी प्रतीचा चालक मानत नाही. मग चारचाकीलाच वेगळा न्याय का?

खर्चाची बाजू

सोय फुकट मिळत नाही, आणि खर्चाचा विचार भावनेच्या भरात करू नये. प्रथम प्रकार ओळखावा. छोट्या मोटारींत बहुधा ‘एएमटी’ असते. तिची गियरपेटी नेहमीचीच असून क्लच दाबण्याचे व गियर बदलण्याचे काम छोटी यंत्रे करतात. ही सर्वांत स्वस्त असून तिचा इंधनखर्च हाताच्या गियरच्या जवळपास राहतो. मात्र गियर बदलताना हलकासा धक्का जाणवतो आणि चढावर गाडी किंचित मागे सरकू शकते. ‘टॉर्क कन्व्हर्टर’मध्ये द्रवाच्या साहाय्याने शक्ती पुढे जाते, त्यामुळे चाल मऊ असते. ‘सीव्हीटी’त पट्टा आणि दोन कप्प्या असतात. ‘ड्युअल क्लच’ प्रणालीत सम आणि विषम गियरांना स्वतंत्र क्लच असतो. ती चपळ असते, पण तिचे काही प्रकार रेंगाळत्या वाहतुकीत तापतात.

एएमटीसाठी साधारणतः ५०,००० रुपयांच्या आसपास, तर अन्य प्रकारांसाठी १,००,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम जादा मोजावी लागते. ही रक्कम कर्जातून दिली तर ती किती होते, ते पाहावे. उदाहरणादाखल वार्षिक ९ टक्के व्याज आणि ७ वर्षांची मुदत धरली, तर ५०,००० रुपयांमागे मासिक हप्ता सुमारे ८०५ रुपयांनी वाढतो आणि मुदतीअखेर एकूण सुमारे ६७,६०० रुपये दिले जातात. १,००,००० रुपयांसाठी हप्त्यातील वाढ सुमारे १,६०९ रुपये आणि एकूण भरणा सुमारे १,३५,१०० रुपये. ज्याला रोज दोन तास गर्दीत काढावे लागतात, त्याने हा भार आनंदाने उचलावा. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा देवदर्शनाला किंवा गावी जाण्यापुरती बाहेर पडते, त्याने तेच पैसे कर्जाची मूळ रक्कम कमी करण्याकडे वळवलेले बरे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण डाव्या पायालाही लागू आहे.

देखभालीचाही विचार हवा. हाताच्या गियरची पेटी तालुक्याच्या ठिकाणचा मेकॅनिकही उघडू शकतो. स्वयंचलित प्रणालीत बिघाड झाला तर बहुधा अधिकृत सेवाकेंद्र गाठावे लागते आणि हमीची मुदत संपलेली असेल तर खर्च मोठा येतो. सीव्हीटी वा टॉर्क कन्व्हर्टर असलेली गाडी बॅटरी उतरल्यावर धक्का मारून सुरू करता येत नाही. बदलीच्या नोकरीत आज हैदराबाद तर उद्या एखादे दुर्गम तालुक्याचे गाव, असा ज्यांचा प्रवास आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

यंत्रावर किती विसंबावे?

आता दुसरी बाजू. स्वयंचलित गियर चालकाची काळजी कमी करतो, जबाबदारी नव्हे. घाट उतरताना हे विशेष जाणवते. ज्या गियरमध्ये चढ चढतो त्याच गियरमध्ये उतार उतरावा, हा जुना नियम हाताच्या गियरवाल्यांना पाठ असतो. स्वयंचलित गाडीचा दांडा ‘डी’वर ठेवून निवांत उतरत राहिले तर गाडी वेग घेते, ब्रेक वारंवार दाबावा लागतो, तो तापतो आणि त्याची पकड क्षीण होते. अशा वेळी ‘एल’ किंवा हाताने गियर निवडण्याची सोय वापरून इंजिनाकडूनच वेग रोखून घ्यावा लागतो. आंबोली किंवा वरंधा घाटात, तसेच सिमल्याच्या वाटेवर यंत्र हा निर्णय आपल्यासाठी नेहमी घेईलच असे नाही.

हाताच्या गियरवरून स्वयंचलित गाडीकडे वळणाऱ्यांनी पहिले काही दिवस आणखी एक पथ्य पाळावे. डाव्या पायाला जोराने क्लच दाबण्याची सवय असते. तोच पाय चुकून ब्रेकवर पडला तर गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मागचा आदळतो. म्हणून डावा पाय बाजूला टेकवून ठेवावा आणि वेग व ब्रेक दोन्ही उजव्या पायानेच हाताळावेत.

कायद्याने या बाबतीत आपल्याला एक प्रश्न अनुत्तरित ठेवला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० नुसार दुचाकीच्या परवान्यात ‘गियरसह’ आणि ‘गियरविना’ असा भेद आहे; हलक्या मोटारवाहनांच्या परवान्यात तो नाही. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा देणाऱ्याला तशीच गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. आपल्याकडे मात्र केवळ स्वयंचलित गाडी चालवलेला नवशिका दुसऱ्या दिवशी क्लचची गाडी घेऊन कायदेशीररीत्या रस्त्यावर येऊ शकतो. कायद्यातील ही उणीव दूर होईल तेव्हा होवो. तोवर घरच्यांनी ती भरून काढावी. माझ्या मते शिकणाऱ्याने आधी हाताचा गियर शिकावा आणि मग हवी ती गाडी घ्यावी. ज्याने हाताने व्याज काढले आहे त्याला संगणकाच्या पडद्यावरील चुकीचा आकडा लवकर खटकतो. तसेच ज्याने गियर हाताने बदलले आहेत, त्याला यंत्र कधी चुकते आहे ते कानाने कळते. शारीरिक अडचणीमुळे ज्यांना क्लच शक्य नाही, त्यांना अर्थातच ही अट लावू नये.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा उरतो तो मोकळ्या झालेल्या हाताचा. गियरवरचा डावा हात मोकळा झाला आणि त्याने मोबाइल उचलला, तर सोयीसाठी मोजलेले पैसे अपघात विकत घेण्यात गेले म्हणायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना मोबाइल हातात धरून वापरणे हे कलम १८४ अन्वये धोकादायक वाहनचालनात मोडते. पण दंडाच्या भीतीने पाळावा असा हा नियम नाही. यंत्राने आपले जे अवधान वाचवले ते रस्त्यालाच परत दिले पाहिजे.

हाताचा गियर की स्वयंचलित, हा वाद आणखी काही वर्षांनी कदाचित उरणारही नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत क्लच नसतो आणि त्यांपैकी बहुतेकींत बदलायचा गियरही नसतो. बंगळूरुची रेवा २००१ मध्ये आली तेव्हा ती अपवाद होती; आज अशा मोटारी शहरोशहरी दिसतात. तोवर मोटार निवडताना घरातील मोठ्या आवाजाच्या सल्लागाराऐवजी, जो रोज स्टिअरिंगमागे बसणार आहे त्याला आधी विचारावे. तो किती वेळ गर्दीत असतो, त्याचे गुडघे काय म्हणतात, गाडी दुरुस्त कुठे होणार आणि वाढलेला हप्ता झेपेल काय, या चार प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली की गाडीचा प्रकार आपोआप ठरतो. मग गियर कोणीही बदलो. रस्त्यावरची नजर मात्र आपली आपणच सांभाळायची आहे.